एकवरचा पंखा

विजेचं बिल आलं की आमच्या घरी आधी मला चहा देतात आणि मंग बिल दाखवतात. ही रीत माझ्या बायकोनं पाडली आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. माझा स्वभावच तापट. त्यातून मी हायस्कुलात विज्ञान शिकवणारा, म्हणजे आपल्याला सगळं कळतं हा आणखी एक रोग. या दोन्हींनी मिळून एका वर्षात काय घाण करून ठेवली ते सांगतो. सांगताना आजही चिडचिड होते, फक्त आता ती वीजवाल्यांवर होत नाही.

नव्वद साल मागं पडून बरीच वर्षं झाली होती. बदनापूरला स्टेशनच्या अंगाला प्लॉट घेऊन आम्ही तीन खोल्या बांधल्या होत्या, वर पत्रे. पत्र्याचं घर एप्रिल-मेमध्ये काय असतं हे ज्यानं भोगलंय त्यालाच विचारा. घरात मी, बायको आणि नववीतली मुलगी. त्या उन्हाळ्यात आई गेली आणि बापू, म्हणजे माझे वडील, गावी एकटे पडले. गाव घनसावंगीच्या पुढं, गोदाकाठाला. जमीन भावकीत बटाईनं दिलेली, घरात भाकरी टाकायला कुणी नाही. मी तीन चकरा मारल्या तेव्हा कुठं ते यायला तयार झाले. मी एकुलता एक. म्हातारपणी बाप आपल्या घरात असावा, सुनेच्या हातचं गरम खावं, नातीशी बोलावं, एवढंच मला पाहिजे होतं. दुसरं काही मागितलं नव्हतं मी देवाकडं. आणि त्याचीच मी माझ्या हातानं माती केली.

त्यांना घेऊन निघताना गावच्या घराची लाईट तोडायचा अर्ज मीच दिला. घर बंद राहणार, मंग मीटरचा स्थिर आकार कशाला भरायचा? माणूस आला, मीटर काढून घेऊन गेला. बापू ओसरीत उभे राहून बघत होते. मला वाटलं, चला, एक खर्चा वाचला.

बिल दोन महिन्यांनी यायचं. बापू आल्यानंतरचं पहिलंच बिल जवळजवळ दुप्पट. मी बिल हातात धरून घरभर फिरलो. हे चालू, ते चालू, संडासातला बल्ब चालू, टीव्हीसमोर कुणी नाही आणि बातम्या चालू. बायकोनं सांगून बघितलं की उन्हाळा होता, आई गेली म्हणून बापूंना भेटायला येणारे पाहुणे होते, आठ दिवस घर भरलेलं होतं. मी ऐकून घेतलं नाही. विज्ञानाचा मास्तर कारण शोधतो, सबब ऐकत नाही, असं काहीतरी मी तिला म्हणालो. मूर्खपणा नुसता.

मंग मी शोध लावायला घेतला. आमचं मीटर व्हरांड्यात दाराच्या वर, चांगलं उंचावर. रविवारी सकाळी स्टूल घेतलं, घरातली सगळी बटणं बंद केली आणि वर चढलो. मीटरच्या काचेतून ती चकती दिसते ना, आडवी फिरणारी, काळी खूण असलेली, ती थांबली. मंग मुलीला एकेक बटण दाबायला सांगितलं आणि हातातल्या घड्याळावर चकतीच्या फेऱ्या मोजल्या. ट्यूब लावली, पंखा लावला, इस्त्री लावली, मिक्सर फिरवला. शेवटी पाणी तापवायचा रॉड बादलीत सोडला तर चकती अशी सुटली की फेरी मोजता येईना. सगळं वहीत लिहून काढलं. एकटा रॉड जेवढं खातो तेवढ्यात वीसेक पंखे फिरतील. वही आजही माझ्याकडं आहे आणि त्यात हे माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. पुढं काय झालं ते वाचताना हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवशी शाळेत आठवीच्या वर्गात मी यावरच तास घेतला. तुमच्या घरात फुकट बल्ब जळतो तेव्हा कुठंतरी भट्टीत कोळसा जळत असतो, त्याचा धूर हवेत राहतो, तो आपल्या नातवंडांच्या छातीवर बसणार. पोरं गप्प बसून ऐकत होती. माझ्यावर मीच खूश होतो.

घरी कायदे लागू झाले. तांबड्या शाईत तक्ता लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला. रॉड बंद, अंघोळीचं पाणी मागच्या अंगणात चुलीवर. इस्त्री फक्त रविवारी, सगळ्यांच्या कपड्यांची एकदम. शंभरचे बल्ब काढून चाळीसचे लावले. खोलीतून निघाला की बटण बंद, मंग दोन मिनिटांनी परत यायचं असलं तरी. मी शाळेतून आलो की चपला काढायच्या आधी घरभर फिरून बटणं बघायचो. मुलगी मला 'इन्स्पेक्टर' म्हणायला लागली, आधी मागून आणि मंग तोंडावर.

बायकोची मात्र खरी परवड झाली. चुलीला जळण म्हणजे पऱ्हाट्या, कापसाच्या वाळलेल्या काड्या. पेटतात भुर्रकन, धूर घरभर. एक दिवस ती डोळे पुसत आत आली आणि म्हणाली, "तिकडं कोळसा वाचला म्हणता, मंग हा धूर कुणाच्या नातवंडाच्या छातीवर बसतोय?" तिला माझ्या तासाबद्दल मुलीनं सांगितलं होतं. उत्तर नसलं की मी आवाज चढवतो, तसा चढवला.

लाईन गेली की सगळी गल्ली शिव्या घालायची. मी एकटा खूश. गेली तर गेली, तेवढे युनिट तरी वाचले, असं मी मोठ्यानं म्हणायचो आणि बायको कपाळाला हात लावायची.

पण खरं सांगतो, फरक पडला. पोळ्यानंतर आलेलं बिल खाली आलं, चांगलंच खाली. मी शेजारच्या मास्तरांना बोलावून दाखवलं. बापूंनाही दाखवलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ते दोन्ही हातांनी बिल धरून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "बराबर हे. जपून वागलं की पुरतं."

त्यांच्या वाट्याला पुढची खोली होती. बाज, पाण्याचा तांब्या, आणि वर छताला टांगलेला पंखा. गावी पंखा होता, पण लाईन असायची कधी? इथं आल्यावर त्यांना त्या पंख्याचं मोठं सुख वाटायचं. पत्रा हिवाळ्यातसुद्धा दुपारी तापतो, आणि स्टेशनकडचे मच्छर तर बारमाही. ते पंखा लावायचे, पण एकवर. पाचवर कधीच नाही. हळू फिरला की कमी खातो असा त्यांचा हिशोब. बैलसुद्धा हळू चालला की कमी दमतो, असं नातीला समजावून सांगायचे. पाती एकेक मोजून घ्यावीत इतका हळू फिरायचा तो पंखा, आणि त्याखाली बापू उताणे पडून समाधानानं वर बघत असायचे. त्या दिवसांत ते इथं रमायला लागले होते, हे मला दिसत होतं. नातीला गोदेच्या पुराच्या गोष्टी सांगायचे. संध्याकाळी स्टेशनावर जाऊन गाडी बघून यायचे आणि किती डबे होते ते घरी येऊन सांगायचे.

दसरा झाला, दिवाळी झाली आणि पुढचं बिल आलं. परत वर. मागच्या बिलापेक्षा कितीतरी जास्त. माझा विश्वासच बसेना. एवढा धूर खाल्ला, एवढे कायदे पाळले, आणि बिल वर? मी तक्ता परत वाचून काढला. कोण चोरून रॉड लावतंय का बघितलं. बायकोला विचारलं तेव्हा तिनं रॉडच माझ्यासमोर आणून आपटला आणि तुमच्या कपाटात कुलूप लावून ठेवा म्हणाली. मी खरंच ठेवला. इतकं डोकं फिरलं होतं.

आता उरलं काय? सगळं तर कमी केलेलं. एक बापूंचा पंखाच तेवढा दिवसभर फिरत होता. वहीत लिहिलेलं मला आठवत नव्हतं असं नाही. पंखा फार खात नाही हे मला माहीत होतं. पण चिडलेल्या माणसाला जे माहीत असतं ते उपयोगी पडत नाही, त्याला कुणीतरी हाती लागायला पाहिजे असतं.

एका दुपारी मी त्यांच्या खोलीत गेलो. पंखा एकवर. ते म्हणाले, "हळूच ठेवलाय बाबा, कमी जळावं म्हणून." झालं. माझ्यातला मास्तर उठून बसला. मी त्यांना रेग्युलेटर समजावून सांगितला. त्या वेळी तो मोठा काळा डबा असायचा, आत तारेची वेटोळी. पंख्याला जी वीज कमी मिळते ती त्या वेटोळ्यात तापून जाते, वाचत नाही. मी त्यांचा हात धरून त्या डब्यावर ठेवला. डबा गरम होता. "बघितलं? एकवर ठेवला काय न् पाचवर ठेवला काय, थोडाबहुत फरक. तुमच्या ह्या वाचवण्याचा काही उपयोग न्हाई, बापू." असंच म्हणालो. शब्द न् शब्द आठवतो. आणि म्हणताना आवाज वर्गातला होता, पाढा चुकलेल्या पोराला बोलायचा.

बापूंनी हात काढून घेतला, तळव्याकडं बघितलं आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून पंखा बंद. मला वाटलं थंडी पडली म्हणून बंद ठेवत असतील. रात्री जेवताना मी बायकोला कौतुकानं सांगितलं की बघ, नीट समजावून सांगितलं की म्हाताऱ्या माणसालासुद्धा कळतं. ती माझ्या ताटात भाजी वाढत होती. तिनं पातेलं उचललं आणि आत गेली.

संक्रांतीनंतरचं बिल आलं. तेवढंच. दहा-पंधरा रुपयांचा फरक, तो इंधन आकाराचा. मी टेबलावर मूठ आपटली तर पेनाची दौत सांडली आणि तक्त्यासाठी ठेवलेली सगळी तांबडी शाई गेली.

मार्च उजाडला, पत्रा तापायला लागला. शाळा सकाळची झाली. मी साडेबाराला घरी यायचो तर बापू घरात नसायचे. सकाळी ते घराच्या मागच्या बाजूला सावलीत बसायचे, दुपारी सावली सरकली की पुढच्या बाजूला शेजाऱ्यांच्या भिंतीला टेकून. डोक्यावर ओला पंचा. सावलीबरोबर त्यांचं बसायचं पोतं सरकायचं. मी विचारलं तर म्हणाले, इथं बरं वाटतं, माणसं दिसतात. मी मान्य करून टाकलं. मला मान्य करायचंच होतं.

बायकोनं एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं. बापूंच्या पाठीवर घामोळ्या उठल्यात, दुपारची झोप नाही, जेवण अर्ध्यावर आलंय, तुम्ही स्वतः जाऊन त्यांचा पंखा लावा. मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, त्यांना अडवलंय कुणी? मी पंखा बंद करा असं एका शब्दानं म्हणालो नाही. आणि हे खरं होतं. तेवढ्या खरेपणावर मी त्या दुपारी गाढ झोपलो, पाचवर पंखा लावून, कारण माझं आपलं शास्त्र पक्कं होतं की एक काय न् पाच काय.

एप्रिलमध्ये वाढलेलं तिसरं बिल आलं. परत तेवढंच. आम्ही जेवायला बसलो होतो. बापू माझ्या समोर. बायकोनं बिल लपवून ठेवलं होतं, पण मला भिंतीवरच्या फोटोच्या फ्रेममागं ते दिसलं आणि मी उठून काढलं. मंग जे तोंडाला येईल ते बोललो. बल्ब काढले, रॉड काढला, डोळे फुटेस्तोवर धूर खाल्ला. "मंग या घरात वीज खातंय तरी कोण?" हे वाक्य मी दोनदा म्हणालो. बघत होतो बायकोकडं. बापूंनी ताटातली भाकरी संपवली, ताटातच हात धुतला, ताट उचलून मोरीत ठेवलं आणि बाहेर गेले.

सकाळी त्यांची पिशवी भरलेली होती. दोन धोतरं, पंचा, आईचा फोटो. गावाकडं लिंबाखाली बरी झोप लागते, आखाजीचा सण झाला की बघू, असं म्हणाले. मी राहा म्हणालो, पण कसं? घड्याळाकडं बघत, शाळेला उशीर होतोय अशा तोंडानं. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यांच्या देखत मला म्हणाली, "तिकडं लाईट तरी हाय का त्यांना? तुम्हीच तोडून आलात ना?" मी तिच्यावर डोळे वटारले. बापू म्हणाले, राहू दे बाई, कंदील हे.

जालन्याच्या बसमध्ये मी त्यांना बसवून दिलं. खिडकीतून त्यांनी हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला. "आता ह्या डावाला बिल कमी यील बघ," ते म्हणाले. राग नव्हता, टोमणा नव्हता. मला धीर देऊन राह्यले होते. बस निघाली आणि मी तसाच सायकलवर टांग टाकून शाळेत गेलो.

जूनच्या सुरुवातीला बिल आलं. बायकोनं चहा दिला. मंग बिल ठेवलं आणि समोर बसून राहिली. नेहमी ती आत निघून जाते. बिल तेवढंच होतं. बापू गेले, त्यांच्या खोलीचं बटणसुद्धा कुणी दाबलं नव्हतं, मे महिन्यात आम्ही तिघं पंधरा दिवस तिच्या माहेरी मंठ्याला होतो, घराला कुलूप होतं. आणि बिल तेवढंच.

मी दिवाळीपासूनची चारही बिलं घेऊन थेट वीज ऑफिसला. तोंडात शिव्या तयार होत्या. खिडकीवरचा कारकून शांत माणूस. त्यानं चारही बिलं ओळीनं मांडली आणि बोट ठेवून विचारलं, सर, हे वाचलं नाही का? चारही बिलांवर युनिट सारखे. अगदी सारखे. मागचं रीडिंग आणि चालू रीडिंग या रकान्यांत आकडाच नाही, आडवी रेघ. त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं, सरासरी. मी पोरांना वर्षानुवर्षं सांगत आलो की आधी प्रश्न वाचा आणि मंग उत्तर लिहा. आणि स्वतः वर्षभर फक्त सगळ्यात खालची रक्कम वाचत होतो.

रीडिंग का घेतलं नाही म्हणून मी ओरडलो. रीडिंग घेणारा तिथंच बाकावर बसलेला. तो उठून आला आणि ओशाळून म्हणाला, "सर, तुमच्या मीटरच्या काचेला शेंदूर हे. आकडे दिसत न्हाईत. पुसा म्हणून बाईंना सांगावं तरी कसं? आन् मी कसा पुसू? देवाचं काम हे ते."

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या गावात लाईट आली एक्क्याऐंशी-ब्याऐंशीच्या सुमाराला. त्या वर्षीपासून बापू खंडेनवमीला, दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नांगर, विळे, पाभर यांच्याबरोबर मीटरचीही पूजा करायचे. जे घरासाठी राबतं त्याला शेंदूर लावायचा. तेलात कालवलेला, घट्ट, वर्षभर हलत नाही असा. गावी मीटर वाचायला येणार कोण, तिथं वर्षाकाठी अंदाजानंच बिल यायचं, त्यामुळं कधी काही बिघडलं नव्हतं. बदनापुरातही त्यांनी तेच केलं. मोठं स्वस्तिक काढलं, बराबर आकड्यांवर. आणि मी कुठं होतो? मी खाली उभा होतो. म्हातारा माणूस पडू नये म्हणून स्टूल मीच धरलं होतं.

घरी आलो, स्टूल ओढलं. बायकोनं थांबवलं, मीटरला हात जोडले आणि मंग रॉकेलचा बोळा माझ्या हातात दिला. पुसलं. आकडे दिसले. मुलीनं पोळ्यानंतरच्या बिलावरचा आकडा वाचला, मी वरून आत्ताचा सांगितला, तिनं वजाबाकी केली. मी तिला परत करायला लावली. आठ महिन्यांत मिळून आम्ही जेवढी वीज जाळली होती तेवढी आदल्या उन्हाळ्यात चार महिन्यांत जळली होती. अर्ध्यावर आलो होतो आम्ही. कधीचेच आलो होतो. ऑफिसवाले आपले त्या जुन्या उन्हाळ्याची सरासरी धरून आकारत बसले होते, आणि मी घरात चोर शोधत होतो. स्टुलावर उभ्या उभ्या मला रडू आलं. मुलगी बघत होती, तरी आवरलं नाही.

दुरुस्त केलेलं बिल हातात आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. जालना, घनसावंगी, तिथून जीपमध्ये अर्धा बाहेर लोंबकळत. बापू लिंबाखाली बाजेवर बसले होते. वाळले होते. माझी चुलती, भावकीतली, शेजारीच राहते, ती दोन वेळची भाकरी देत होती. मी बिल काढून सगळं सांगितलं. शेंदराचं सांगताना जपून सांगितलं, त्यांच्यावर येऊ नये म्हणून. युनिट अर्ध्यावर आले होते, बिल खोटं येत होतं, तुमचा काही संबंध नव्हता, चूक माझी, बिलकुल माझी.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मंग विचारलं, "म्हंजी मी पंखा बंद ठिवला ते लागू पडल्तं?"

वहीत काय लिहिलंय ते मला माहीत होतं. म्हटलं, "हो बापू. लई लागू पडलं."

त्यांचं तोंड उजळलं. "मंग बरं झालं," म्हणाले. "मला वाटलं फुकटच गेलं."

मी चला म्हणालो. पाया पडलो. बायकोनं बजावलंय, नात वाट बघतीय, पाच पंखे लावतो, सगळं बोललो. ते हसत राहिले आणि राहू दे आता, असं म्हणाले. रुसले नव्हते. रुसलेल्या माणसाला समजावता येतं. दिवाळीला चार दिवस आले, चार दिवसांनी गेले. परत राहायला म्हणून आमच्या घरी ते कधीच आले नाहीत.

मंग मी गावच्या घरी लाईट परत जोडून घेतली. तोडायला एक अर्ज लागला होता, जोडायला चार महिने आणि किती चकरा, ते मोजत नाही. नवा पंखा नेला, माझ्या हातानं बसवला. त्यानंतर मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो, तर बापू बाजेवर आणि वर पंखा जोरात फिरत असलेला. मला बरं वाटायचं. वाटायचं, एवढं तरी आपल्या हातून झालं.

त्या घराचं बिल माझ्याच हातात यायचं. आता मी युनिट वाचायला शिकलो होतो. पहिल्या बिलात दोन युनिट. मी मीटर जाऊन बघितलं, काच स्वच्छ, आकडा खरा. पुढच्या बिलात तीन. दिवसभर पंखा लावणाऱ्या माणसाचे दोन महिन्यांत तीन युनिट होत नाहीत, हे सांगायला विज्ञानाचा मास्तर लागत नाही. मी चुलतीला गाठून विचारलं. ती म्हणाली, तू आला की फिरतो बाबा तो. जीपचा आवाज आला की जल्दी उठून लावतेत, तू वळणाच्या पल्याड गेला की बंद करतेत.

मी घरात आलो. पंखा फिरत होता. मी बापूंना विचारलं, तुम्ही एकटे असताना का लावत नाही? त्यांना या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"मला काय करायचाय? तू पाव्हणा मानूस," ते म्हणाले, "पाव्हण्याला उकडाय नको."